दोनशे रुपये दंड, नऊ तारखा आणि ब्रुकलिनमधली एक जुनी शाळा

तारीखवाली | मंगळवार, रात्री ११:२०

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की मी दोनच कामं करते. कपाट आवरते आणि इथे धागा काढते. कपाट झालं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पेरूवाला आला होता. हातगाडी रस्त्यात लावली म्हणून केस. तेव्हाचं आयपीसी २८३, रस्त्यात अडथळा. या कलमाखाली जास्तीत जास्त शिक्षा २०० रुपये दंड, कैद नाहीच. मी नवी होते, काळा कोटही नवा होता. म्हटलं, आपण लढू. गाडी रस्त्याच्या कडेला होती हे दाखवून देऊ. पहिल्या तारखेला साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला कागदांच्या नकला तयार नाहीत. पुढे पंच येईना, मग पंच आला तर सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. हा मात्र प्रत्येक तारखेला साडेदहाला दारात उभा. पुकारा झाला आणि आपण नसलो तर वॉरंट निघतं, एवढा एकच कायदा त्याला पक्का पाठ होता. पुढच्या तारखेची चिठ्ठी तो वजनांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवायचा. रोज वजनं काढताना नजरेला पडावी म्हणून.

नवव्या तारखेला म्हणाला, "मॅडम, कबूल केलं तर सुटतो का?" कबूल केलं. दोनशे रुपये दंड, पावती, दहा मिनिटांत मोकळा. पायऱ्या उतरताना अगदी सहज म्हणाला, "हे पहिल्या दिवशी झालं असतं तर?" नऊ दिवसांचा धंदा बुडाला होता. माझी फी वेगळी, आणि ती मी घेतली होती, हेही सांगून टाकते.

गेल्या वर्षी भावाकडे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला दीड महिना होते. वहिनी म्हणाली, लोक इथे येऊन स्वातंत्र्यदेवी बघतात, तुला कोर्ट बघायचंय! पण रेड हूकच्या त्या कोर्टाबद्दल मी कधीतरी वाचलं होतं आणि ते बघायचंच होतं.

रेड हूक म्हणजे ब्रुकलिनचं पाण्यात घुसलेलं टोक. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला रॉबर्ट मोझेसच्या (शहरभर रस्ते-पूल बांधणारा अधिकारी) काळातला उंच हायवे. त्या हायवेने वस्ती उरलेल्या शहरापासून तोडूनच टाकली. एकेकाळी गोदी कामगारांचं गाव. मालवाहतूक कंटेनरमध्ये गेली, गोदीतलं काम आटलं आणि १९३० च्या दशकाअखेर बांधलेल्या सरकारी इमारतींमध्ये बेकारी आणि मग क्रॅक कोकेनचा धंदा उरला. डिसेंबर १९९२ मध्ये तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक पॅट्रिक डॅली शाळेतून निघून गेलेल्या एका विद्यार्थ्याला शोधायला बाहेर पडले आणि दोन टोळ्यांच्या गोळीबारात सापडून मारले गेले. त्यानंतर वस्तीत कोर्ट काढायच्या हालचालींनी जोर धरला. मॅनहॅटनमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ १९९३ साली 'मिडटाउन कम्युनिटी कोर्ट' सुरू झालंच होतं, अमेरिकेतलं त्या प्रकारचं पहिलं. रेड हूकचं २००० मध्ये उघडलं, बंद पडलेल्या एका कॅथलिक शाळेच्या इमारतीत.

शाळेची इमारत आहे हे आत शिरल्याबरोबर कळतं. जिने रुंद, खिडक्या मोठ्या. कोर्टरूममध्ये ऊन येतं! आमच्याकडे दुपारी बारालाही ट्यूबलाइट. न्यायाधीशांचं आसन मुद्दाम खाली घेतलंय. समोर उभ्या माणसाची आणि त्यांची नजर एका रेषेत येते. कोठडीला गज नाहीत, जाड काच आहे. आणि वरच्या मजल्यांवर समुपदेशक, व्यसनमुक्तीवाले, शिक्षणाचे वर्ग, घराच्या तक्रारींचं मदत केंद्र. एकाच न्यायाधीशासमोर किरकोळ फौजदारी, कुटुंबाच्या आणि घरभाड्याच्या केसेस चालतात. म्हणजे मुलगा चोरीत सापडला आणि त्याच घरात चार महिने छत गळतंय, तर दोन्ही गोष्टी एकाच माणसाला माहीत असू शकतात.

मी मागच्या बाकावर बसले, कोणी हटकलं नाही. विशीतला एक मुलगा, दुकानातून काहीतरी उचललेलं. वकिलांचं बोलून झाल्यावर न्यायाधीशांनी त्यालाच विचारलं: आत्ता जे ठरलं ते तुझ्या शब्दांत सांग. तो पुटपुटला. पुन्हा विचारलं, आवाज न चढवता. मग त्याने सांगितलं, की इतके दिवस काम, वर जाऊन एका बाईंना भेटायचं, नाही केलं तर परत इथे. बस. तिथून तो थेट जिना चढून वर गेला. पंधरा मिनिटंसुद्धा झाली नसतील. आमच्याकडे असं विचारलं तर आरोपी वकिलाकडे बघेल आणि वकील घड्याळाकडे.

आता आपल्याकडचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात पहिल्यांदाच 'समाजसेवा' ही शिक्षा म्हणून आली. सहा गुन्ह्यांना: पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी (माल किंवा किंमत परत केली तर), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी, आणि आणखी तीन. टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण ही समाजसेवा शिक्षा आहे, म्हणजे दोषी ठरल्यावर. नऊ तारखा, पंच, नकला, हे सगळं आधी. मग झाडू. रेड हूकमध्ये झाडू पहिल्याच आठवड्यात हातात येतो आणि तारखा टळतात. आपण झाडू आणला, तारखा तशाच ठेवल्या.

माझं म्हणणं असं, की किरकोळ गुन्ह्यात निकाल ही शिक्षा नसतेच. हेलपाटे ही शिक्षा. सुधारायचं असेल तर ती शिक्षा आधी कमी करा. तुम्हाला काय वाटतं? अनुभव असतील तर लिहा, कोर्टाचं नाव न घेता.

---

पेठेतला पावटा | मंगळवार, रात्री ११:५२

पहिला! वाखुसा (वाचनखूण साठवली).

बाकी समाजसेवा म्हणजे ३०० शब्दांचा निबंध ना? कल्याणीनगर आम्ही विसरलेलो नाही.

---

तारीखवाली | बुधवार, सकाळी ७:०५

पावटेराव, येणारच होतं हे, म्हणून चहाच्या आधी उत्तर देते. मे २०२४ च्या त्या अपघातात दोन माणसं मेली. तो किरकोळ गुन्हा नाही, आणि निबंध ही शिक्षाही नव्हती, बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली अट होती. लोकांच्या संतापानंतर जामीन फिरवलाही गेला. पण तेव्हापासून कोर्टात 'समाजसेवा' शब्द उच्चारला की मागच्या बाकावर कोणीतरी 'निबंध' म्हणून हसतं. दोनशे रुपयांच्या माणसाला त्या गाडीवाल्याचं ओझं का?

---

जर्सीकर | बुधवार, सकाळी ८:३१ (आमची मंगळवार रात्र)

ताई, तुमचा पेरूवाला निदान तारखेला हजर होता. मी नव्हतो.

२०१३ ची गोष्ट. नुकताच आलेलो, क्वीन्समध्ये चौघांत एक घर. उन्हाळ्यात रात्री पार्कमध्ये गप्पा मारत बसलो. पार्क बंद झालेलं, गेटवर पाटी, आम्हाला पत्ता नाही. दोन पोलीस आले, अगदी सभ्यपणे गुलाबी कागद दिला. अमुक तारखेला कोर्टात या. त्या तारखेला मी सांगलीत होतो, आजी गेली होती. परत आल्यावर डोक्यातून साफ गेलं. म्हटलं पार्किंगच्या पावतीसारखं काहीतरी असेल, भरू नंतर.

ते तसं नव्हतं. फौजदारी समन्स होतं. न गेल्याबद्दल माझ्या नावावर वॉरंट निघालं आणि मला ते दोन वर्षांनी कळलं, व्हिसाच्या कागदांसाठी वकिलाने सगळं तपासलं तेव्हा. त्या रात्री झोप लागली नाही. बायकोला सांगायचं कसं, की तुझा नवरा न्यूयॉर्क शहराला 'हवा' आहे, पार्कात बसल्याबद्दल! वकील केला, कोर्टात गेलो, तीन मिनिटांत प्रकरण मिटलं. त्या तीन मिनिटांसाठी मोजलेले डॉलर अजून आठवतात.

तेव्हा कळलं की आपण एकटे नाही. असली दहा लाखांहून जास्त वॉरंट शहरात पडून होती. रस्त्यावर बिअर, लघवी, आवाज, पार्कचे नियम, असल्या गोष्टींची. २०१६ मध्ये शहराने कायदा बदलला, जून २०१७ पासून लागू झाला. आता यातल्या बहुतेक गोष्टींना दिवाणी तिकीट देतात. फौजदारी कोर्ट नाही, न गेलात तर वॉरंट नाही, आणि दंडाऐवजी समाजसेवेचा पर्यायही असतो. २०१७ च्याच ऑगस्टमध्ये मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स आणि ब्राँक्स या चार ठिकाणच्या सरकारी वकिलांनी दहा वर्षांहून जुनी सुमारे ६,४४,००० वॉरंट एका फटक्यात रद्द करून घेतली. स्टेटन आयलंडवाले सामील झाले नाहीत.

व्हिसावाल्यांसाठी आणखी एक. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये किरकोळ गुन्ह्याची कमाल शिक्षा ३६५ दिवसांवरून ३६४ केली. एक दिवस! कारण इमिग्रेशनच्या कायद्यात 'एक वर्ष' हा आकडा आला की देशाबाहेर काढण्याची दारं उघडतात.

---

अंजू नाशिक | बुधवार, सकाळी ९:१०

एका दिवसाने माणसाचं आयुष्य बदलतं हे खरं वाटत नाही, पण वाचून पटलं. छान धागा, वाचतेय.

---

रिटायर्ड हवालदार | बुधवार, दुपारी १:४५

नमस्कार मॅडम. मी ३१ वर्षं खात्यात होतो. आमची बाजू कोणी विचारत नाही म्हणून लिहितो.

११०/११७ आम्ही का करायचो? रात्री चौकात चार पोरं आरडाओरडा करतात, शेजारचे म्हातारे फोन करतात. आम्ही जातो. समजावलं तर हसतात. मारलं तर आम्ही अडचणीत. मग उरतं काय? मुंबई पोलीस कायद्याची (आता महाराष्ट्र म्हणतात) ११०/११७. दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करायचं, दंड भरतात, जातात. कधी साहेबाची शिक्षा 'कोर्ट उठेपर्यंत'. म्हणजे संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचं. आणि खरं सांगतो, महिनाअखेरीला आकडे कमी दिसले की वरून विचारणा व्हायची. तेव्हा चौकात कोणी आरडाओरडा केला नाही तरी सापडायचं कोणीतरी.

पण २००७ साली आर. आर. आबांनी १५ ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा मी ग्रामीण भागात होतो. बांधाचं भांडण, शेळी पिकात शिरली, पाण्याचा पाट फोडला, असली प्रकरणं समितीपुढे देवळासमोर मिटायची. मी स्वतः नोंदी घेतल्यात. एका गावात दोन भावांचा बांधाचा वाद, सोळा वर्षं कोर्टात, समितीने एका दुपारी दोरी धरून मिटवला. दोघांनी दोरीची टोकं धरली होती. तेव्हा हे ब्रुकलिनचं आम्हाला नवीन नाही.

---

मंजिरी पाटणकर्णी | बुधवार, दुपारी ३:२०

हवालदार काका, दोरी आवडली. पण आमच्या गावच्या समितीत सात पुरुष आणि नावाला एक बाई. नवरा मारतो म्हणून गेलेल्या आत्तेबहिणीला "संसार सांभाळ" म्हणून पाठवलं आणि गाव तंटामुक्त झालं! बोर्ड लागला वेशीवर. तेव्हा 'समाजाने मिटवलं' म्हटलं की मी आधी विचारते, समाजात कोण कोण बसलं होतं?

---

रिटायर्ड हवालदार | बुधवार, दुपारी ४:०२

ताई, बरोबर आहे. मारहाणीचं प्रकरण समितीत घ्यायलाच नको होतं. घ्यायचे.

---

वाणसामान | बुधवार, सायंकाळी ६:३०

सगळे आरोपीबद्दल बोलताय. माझं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी गल्ल्याजवळचा मोबाइल गेला. जुना, साडेतीन-चार हजारांचा. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, पाच हजारांच्या आत आहे, आता ही चोरी अदखलपात्र, एन.सी. घेतो. एन.सी. म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. कागद घ्या आणि घरी जा. माझ्या मोबाइलमध्ये उधारीचे हिशेब होते. माझ्यासाठी तो चार हजारांचा नव्हता.

तुमचा तो मुलगा जिना चढून वर गेला. दुकानदार कुठे गेला?

---

तारीखवाली | बुधवार, रात्री १०:४८

वाणसामान ताई, तुमच्या शेवटच्या ओळीवर मी संध्याकाळभर अडले होते. खरं उत्तर: तो दुकानदार मला कोर्टात दिसला नाही. मी शोधलाही नाही. वकिलाची नजर आरोपीवर जाते, सवय.

कायद्याचं सांगते. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला समाजसेवा ठेवली आणि परिशिष्टात ती अदखलपात्र केली. त्यामुळे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणजे शिक्षा सौम्य करायला गेलो आणि चोर सापडायची वाटच बंद झाली. शिक्षा सौम्य असणं आणि तक्रार न घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मसुदा करणाऱ्याने त्या एकाच दोरीने बांधल्या. तुम्ही मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकता, पण चार हजारांसाठी तुम्ही किती हेलपाटे घालणार? हेलपाट्यांची शिक्षा फिर्यादीलाही असते, हे मी वर लिहायला हवं होतं.

रेड हूकमध्ये फिर्यादीसाठी थोडंफार आहे. २०१३ पासून 'पीसमेकिंग' चालतं, अमेरिकेतल्या नावाहो या मूळनिवासी लोकांच्या रीतीवरून घेतलेलं आणि नावाहो जाणत्यांकडूनच शिकलेलं. काही प्रकरणं दोन्ही बाजूंच्या संमतीने न्यायाधीशाकडून काढून या बैठकीत देतात. गोल बसतात, वस्तीतलीच प्रशिक्षण घेतलेली माणसं मध्ये असतात, आणि ज्याचं नुकसान झालं तोही बोलतो. एका वेळी एकच जण बोलायचं. (हे आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लागू करता येईल का, असा विचार मनात येऊन गेला.) मंजिरी, तुझा प्रश्न तिथेही लागू आहेच. संमती मागायची असते. ती खरी आहे का हे कोण तपासणार?

---

कायद्याचा किडा | गुरुवार, सकाळी १०:१५

माझा विरोधी सूर. असली कोर्टं कौतुकाला छान, पण तीन गोष्टी.

पहिली, समाजसेवा मिळायला बहुतेक ठिकाणी आधी गुन्हा कबूल करावा लागतो. गरीब माणूस निर्दोष असला तरी कबूल करतो, कारण लढणं महाग. ताईंच्या पेरूवाल्याने हेच केलं.

दुसरी, सेवा मिळते म्हणून पोलीस जास्त माणसं पकडतात. आधी ज्याला हाकलून दिलं असतं त्याला आता 'मदतीसाठी' आत आणतात. जाळं मोठं होतं.

तिसरी, अट मोडली तर काय? रेड हूकच्या मूल्यमापनातच आहे, की सुरुवातीला तुरुंग कमी, पण सेवा पूर्ण न केल्यावर होणारी कैद नेहमीच्या कोर्टापेक्षा मोठी.

---

तारीखवाली | गुरुवार, सकाळी ११:४०

तिन्ही मान्य. पहिला मुद्दा लागला.

तरी त्याच मूल्यमापनातलं बाकीचंही सांगायला हवं. 'नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्स'ने २०१३ मध्ये ते केलं. नेहमीच्या कोर्टात गेलेल्या तशाच लोकांशी तुलना करता रेड हूकमधले प्रौढ पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण १० टक्क्यांनी कमी, अल्पवयीनांचं २० टक्क्यांनी. तुरुंगाची शिक्षा ३५ टक्क्यांनी कमी. हे आकडे मला फार मोठे वाटत नाहीत, म्हणूनच विश्वास बसतो. खरी मजा पुढे आहे. हे कशामुळे झालं याचा त्यांनी शोध घेतला. व्यसनमुक्तीमुळे? शिक्षेच्या भीतीमुळे? दोन्ही कारणं पुरेशी ठरेनात. सगळ्यात पटणारं कारण निघालं ते वागणूक. आपलं ऐकून घेतलं, आपल्याला समजेल असं सांगितलं, असं लोकांना वाटलं. खाली घेतलेलं आसन आणि "तुझ्या शब्दांत सांग".

जाळ्याबद्दल एक भर. बॉस्टनच्या सफोक काउंटीचा अभ्यास आहे, २०२१ चा. तिथे किरकोळ, हिंसा नसलेल्या केसेस कुठल्या सहायक सरकारी वकिलाकडे जातील हे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. कोणी कडक, कोणी नरम. त्यामुळे अगदी सारख्या माणसांपैकी काहींवर खटला चालला, काहींची केस सुरुवातीलाच सोडून दिली. सोडून दिलेल्यांवर पुढच्या दोन वर्षांत नवी तक्रार येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त कमी निघाली. सेवा नाही, समुपदेशन नाही, नुसतं सोडून दिलं.

म्हणून किडेसाहेब, माझं मत थोडं सरकलंय. रेड हूक चांगलंच आहे, पण ते कोर्टात आलेल्यांसाठी. जर्सीकरने सांगितलेल्या दिवाणी तिकिटाने जास्त लोक वाचले, कारण ते कोर्टात आलेच नाहीत. आधी कोण कोर्टात येऊच नये ते ठरवा, मग उरलेल्यांसाठी बरं कोर्ट बांधा. माझ्या पेरूवाल्याला जिन्यावरच्या बाई नकोच होत्या. त्याला गाडी लावायला जागा हवी होती.

---

पेठेतला पावटा | गुरुवार, दुपारी १२:०१

शेवटच्या वाक्याला +१. आता मला चेष्टा करता येत नाहीये, काय हे.

---

चेंबूरची शाल्मली | गुरुवार, रात्री ९:३०

मुंबईतलं लिहायला हवं, नाहीतर आपल्याकडे काहीच नाही असं वाटेल. टाटा इन्स्टिट्यूटचा 'प्रयास' १९९० पासून तुरुंगात आणि कोर्टात काम करतोय. समाजकार्यकर्ते बराकीत जाऊन विचारतात: जामीन झालाय का? मग आत का? बऱ्याचदा उत्तर असतं, की जामीन झालाय पण जामीनदार नाही. घरी कळवलेलंच नाही. रेशनकार्ड गावाला.

आणि एक जुना कायदा आहे, अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८. दोषी ठरलेल्याला शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायचा, हवं तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. साठ-पासष्ट वर्षं आपल्या हातात आहे. ताई, तुमच्याकडे किती वेळा वापरतात? मी शिकाऊ असताना एका कोर्टात परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवा म्हटलं तर लिपिकाने विचारलं होतं, "तो कुठे बसतो?"

---

तारीखवाली | गुरुवार, रात्री १०:१०

शाल्मली, मी स्वतः वकिलीत चार वेळा मागितलाय. चार. दोनदा मिळाला. त्या अधिकाऱ्याकडे तीन तालुके होते आणि एक मोटारसायकल.

---

जर्सीकर | शनिवार, सकाळी ६:५०

ताई, काल सुट्टी काढून गेलो. वस्तीत सबवे नाहीच. स्मिथ–नाइन्थ स्ट्रीटला उतरलो (भलतंच उंच स्टेशन आहे, वरून बंदर दिसतं), पुढे बी-६१ बस. बायकोला सांगितलं आयकियाला चाललोय. ते खोटं नव्हतं, आयकिया तिथेच आहे.

तासभर बसलो. तुम्ही लिहिलंय तसंच, ऊन येतं. मला एक वेगळीच गोष्ट दिसली. एका बाईचं नाव घ्यायचं होतं, आफ्रिकेतलं असावं, लांबलचक. पुकारणारा अडखळला. मग त्याने तिला विचारलं, नाव कसं म्हणायचं, आणि तिने सांगितल्यावर नीट म्हणून दाखवलं. दोन सेकंदांचं काम. दहा वर्षांहून जास्त इथे आहे, माझं नाव अजून कॉफीच्या पेल्यावर भलतंच लिहून येतं.

मग आयकियात जाऊन एक दिवा घेतला.

---

रिटायर्ड हवालदार | शनिवार, सकाळी ९:१५

आमच्या पुकारेवाल्याचा आवाज खालच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. नाव मात्र कोणाचं घेतलं ते कळायचं नाही. तिघं एकदम उठायचे.

मॅडम, सुट्टी संपली का?

---

तारीखवाली | रविवार, रात्री ११:३५

उद्यापासून. बोर्डावर बावीस मॅटर आहेत, त्यात एक हातगाडी. यावेळी पहिल्याच तारखेला कबुलीबद्दल विचारते, पण आधी गाडी खरंच कुठे उभी होती ते बघून येते. सकाळी सातला मंडईपाशी असतो म्हणालाय.